हेलिकॉप्टरखाली अंथरलेल्या चादरी

हेलिकॉप्टरचं कौतुक मला सांगू नका. आमच्या मालकांनी पोराच्या लग्नात आणलं होतं. भवानी पेठेत त्यांचा चादरींचा कारखाना, मी तिथं मुकादम. नवरी मुलगी केम गावची, म्हणून उतरायची सोय तिथल्याच रानात केली. आदल्या दिवशी पायलटचा फोन मीच घेतला. ‘जमिनीवर पाणी मारा, आणि सुटी वस्तू एकही ठेवू नका.’

मी टँकरनं पाणी मारून घेतलं. सकाळी बघतो तर त्याच जागेवर मालकांनी कारखान्यातल्या बारा कोऱ्या चादरी अंथरलेल्या!

‘मालक, उडतील की ओ!’

‘आपली चादर हाय ती. वजन बघ की! कळू दे गावाला, कुणाचं लगीन हाय.’

वर चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. विटा!

हेलिकॉप्टर डोक्याएवढ्या उंचीवर आलं आणि चादरी उठल्या. एक शेपटाच्या पंख्यात गुंतली. पायलटचा ताबा सुटला, हेलिकॉप्टर भिंगरीसारखं फिरलं आणि तिरकं होऊन आदळलं. नवरदेव रांगत बाहेर आला, फेटा गळ्यात, तोंड पांढरंफटक. मी त्याला धरायला धावलो.

मालक धावले शेपटाकडं. चादर ओढून काढली, चिंध्या झालेली बाजू मुठीत लपवली आणि उरलेली वऱ्हाडापुढं नाचवली, ‘बघा! पंखा वाकला, पर एक धागा तरी उसवला का?’

मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, ‘पाव्हणं, पोरगं हिकडं हाय.’