लग्नातलं गाणं आणि मतदानाची रांग

अमेरिकेत, जॉर्जियातल्या आमच्या गावी मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी बोलत होत्या.

"अर्नेस्टीन, अगं, घामाघूम कशानं झालीस?"

"आपल्या विलोडीनच्या विरुद्ध निवडणुकीला उभ्या असलेल्या त्या गोऱ्याच्या सभेतून आले. आपल्या काळ्यांची मतं हवीत, म्हणून त्यानं आपण लग्नात ओळीनं नाचतो ते गाणं लावलं."

"आणि तुम्ही नाचलात?"

"ते गाणं लागल्यावर खुर्चीत कोण बसतं? ओळी धरल्या, दर कडव्याला डावीकडे वळलो."

"मग तो खूश!"

"खुशीत स्वतःच नाचायला उतरला. नेमका उजवीकडे वळला!"

"अरे देवा!"

"आमची पाठ त्याच्याकडे झाली, तर समोर रस्त्यापलीकडे हे केंद्र. मग पुढच्या कडव्याला कोणी वळलंच नाही. तशाच नाचत आलो."

"सगळ्या?"

"मागे बघ की! विलोडीनची रांग, आणि भोंगा अजून त्याचाच वाजतोय."