हेंकनी हॉलला होकार दिला

आमच्या आईने नेदरलँड्समधल्या आमच्या न्यूनेन गावची सभा कशी फिरवली, ते तुम्हाला सांगितलंच नाही का? लॉकडाऊनमुळे ती पुण्याला परत न जाता आमच्याकडेच अडकली होती. माझ्या मुलीच्या, इराच्या शाळेला खेळायला हॉल हवा होता. गावातल्या लोकांनी हॉलसाठी शाळेचे कर्जरोखे घेतले, तर उरलेला खर्च नगरपालिका करणार होती. त्यासाठी ऑनलाइन सभा भरली.

आमचे शेजारी हेंक म्हणाले, "हॉल नकोच. पोरांचा गोंगाट होईल."

मी आईला मराठीत सांगितलं, तशी ती कडाडली, "अहो, हॉल नसला तर पोरं गप्प बसणारेत का? आमची इरा दिवसभर जिन्यावरून उड्या मारतेय!"

माझा माइक चालूच होता. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुमच्या आई काय म्हणाल्या?"

मी सावरून घेतलं, "कल्पना छान आहे म्हणाली."

"बाबा, खोटं!" म्हणत इरा मध्ये घुसली आणि आजीचं म्हणणं तिने फर्ड्या डचमध्ये, उड्या मारून दाखवत सांगितलं.

सगळे खो-खो हसले. हेंक तेवढे गंभीर.

"त्या उड्या मला भिंतीतून रोज ऐकू येतात," ते म्हणाले. "हॉल लवकर बांधा. माझ्या नावावर पाच कर्जरोखे लिहा."