समेच्या आधीचा "वाह"

तुमी जुन्या मैफिलींच्या नव्या रेकॉर्डिंगचं एवढं कवतिक करून राहिले ना, मंग आमच्या घरचं ऐका.

बाबाच्या तरुणपणी अकोल्यात एका बुवांची मैफल झाली अन् तिची कॅसेट निघाली. बाबा पयल्या रांगेत, माइकच्या जवळ. दाद द्यायची असते समेवर. बाबानं तान समेवर यायच्या आधीच "वाह!" म्हटलं, अन् ते कॅसेटमधी कायमचं बसलं. आई जन्मभर चिडायची, "साऱ्या वऱ्हाडाले कळलं, तुमाले ताल समजत नाही म्हणून!"

बाबा गेले. वाजवून वाजवून कॅसेटची फीतही तुटली. मागच्या महिन्यात तीच मैफल साफसूफ होऊन मोबाइलवर आली, त मी हौसेनं आईले ऐकवली. तबला असा, जसा घरातच वाजून राहिला!

आई तोंड वाकडं करून म्हणे, "आवाज खराब हाये."

"अवं आई, उलट साफ केला त्यायनं. खरखर काढली, खोकणं काढलं, लोकायचा गलका काढला."

"मंग तुह्ये बाबा बी काढले?"

मी मोबाइल बंद कराले गेलो. ती म्हणे, "पुन्हा लाव."

लावलं. तान वर चढली, फिरली, समेकडे निघाली. अन् सम यायच्या आधीच आई म्हणाली, "वाह!"