आधी हातातलं खाली ठेव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष व आमच्या कंपनीचे मालक आदरणीय छगनभाई, सत्कारमूर्ती अरुणाताई, त्यांचे पती जयंतराव आणि उधन्याच्या या सभागृहात जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मी ललित. मला भाषण जमत नाही, हे सहकाऱ्यांना माहीत आहे. तरी ताईंच्या निवृत्तीला बोलायचं म्हणून मी स्वतःहून उभा राहिलो आहे.

पाहुण्यांसाठी सांगतो. कापड रंगवणारी मशिनं चालवायचा प्रोग्राम आम्ही लिहितो. त्यात प्रत्येक मशिनचं काम एकेक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचा एक स्वतंत्र धागा, सांभाळतो. रंगाची टाकी मात्र सगळ्यांत एक. ज्याला रंग हवा तो टाकीला कुलूप लावतो, रंग घेतो, कुलूप काढतो. पूर्वी कारागिराने ‘रद्द’ दाबलं की आम्ही तो थ्रेड जागीच मारायचो. एका गिऱ्हाइकाकडे तो नेमका कुलूप लावून बसला होता. तो गेला, कुलूप राहिलं. बाकीची मशिनं टाकीपुढे नुसती उभी. आतलं कापड वाया गेलं.

छगनभाई, तरीही तुम्ही म्हणालात, “बेन, रद्द एटले रद्द! बटन दाबलं की बंद.”

ताई म्हणाल्या, “शेठ, मारायचं नाही, सांगायचं. तो हातातलं खाली ठेवेल, मग थांबेल.”

“अन् ऐकलं नाही तर?”

“ऐकेल. ऐकायच्या जागा मी ठेवते.”

आणि त्यांनी त्या ठेवल्या. कुलूप काढून झालं, रंगाचा व्हॉल्व्ह बंद झाला, की थ्रेडने ‘थांब’ची खूण आहे का ते बघायचं. जो टाकीची वाट पाहत झोपला असेल त्याला उठवून सांगायचं. आणि तो खरोखर संपला हे कळेपर्यंत आपण हलायचं नाही. हसू नका, या शेवटच्या मुद्द्यावरून मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी बोलणी खाल्ली आहेत!

पण हे मला खरं कधी कळलं? गेल्या वर्षी माझी पत्नी वर्षा अचानक गेली. मागे मी आणि आमची मुलगी मानसी. मी ऑफिसात येऊन ताईंना म्हणालो, “आजपासून मी येत नाही.” त्यांनी कारण विचारलं नाही.

“बरं. हातात काय काय आहे?”

मी कामं सांगत गेलो. ती संपली तरी त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या तोंडून निघालं, “वर्षाचं कपाट. किल्ली खिशात आहे. मानसीचा शाळेचा दुसरा गणवेश त्यात आहे. पोर रोज एकच धुऊन घालते, मागत नाही. मला ते उघडवत नाही.”

“मग ललित, ही थांबायची जागा नाही. आधी ते कुलूप काढ. मानसी कुलपाबाहेर उभी आहे.”

संध्याकाळी त्या माझ्याबरोबर गोडादऱ्याला घरी आल्या. कपाट मीच उघडलं. मानसी गणवेश छातीशी धरून बाहेर येईपर्यंत ताई दारातच उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, “आता ठरव.”

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो.

बोलायची संधी दिलीत, शांतपणे ऐकलंत, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. छगनभाई, तुमची माफी वेगळी मागतो.

ताई, काल तुम्ही विचारलंत, “माझ्यावाचून कुणाचं काही अडलंय का?” कामात कुणाचं नाही. बाकीचं विचारू नका. तुम्ही निघा. तुमची रिक्षा वळेपर्यंत आम्ही दारात उभे आहोत.