टेकडीचे बूट

बुटांच्या दुकानात आजी एका पायात बूट घालून बसल्या होत्या. शेजारी आजोबा, हातात काठी. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, पण पडून पाय मोडला तेव्हापासून टेकडीवरचं फिरणं बंद. पाय कधीच बरा झाला होता, भीती गेली नव्हती.

“अहो, हाच घेते. रंग झकास आहे.”

“घे.”

“उद्यापासून टेकडीवर जाणार. एकटीच.”

“जा की.”

“पुढे बोट टेकतंय जरा. होईल सैल.”

“डोंबल सैल होईल! उतरताना नख काळंनिळं पडेल. एक नंबर मोठा माग.”

“मग टाच हलेल ना.”

“जाड मोजे घाल! आणि नाडी घोट्यापाशी आवळ. इतकी वर्षं माझे बूट पुसलेस, एवढंही कळत नाही?”

“नाही बाई कळत. तळाचं काय बघायचं?”

“आण इकडे.”

काठी बाकाला टेकवून आजोबांनी दोन्ही हातांनी बूट वाकवला.

“तळ चांगलाय. पण तू घसरणार. तुला एकटीला सोडायची सोय नाही. अहो दुकानदार, यातच माझा नऊ नंबर आहे का?”

“आजींनी सकाळीच फोन करून बाजूला काढायला लावलाय.”

आजोबांनी आजींकडे पाहिलं.

“लबाड!” म्हणाले, आणि चपलेतून पाय काढला.