मालवणच्या समुद्रात मुटका

आईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा हाये. म्हणजे जरा मीठ लावलंय, पण जराच.

मालवणला स्कुबा करायला गेल्तो. सोबत जाफराबादचा मेव्हणा, बाळू. माझं लग्न झाल्यापासून त्याला ऐकवत आलोय, हसनाबादच्या विहिरीत पाय पोटाशी घेऊन माझ्यासारखा मुटका कुणी मारत न्हाई. आता दाखवायचाच व्हता.

नावेवर स्कुबाच्या मास्तरनं पाठीला हवेची टाकी बांधली. मला वाटलं, लहानपणी विहिरीत तरंगायला पाठीला डबा बांधायचे, तोच हा. मंग तो कमरेला शिसं बांधू राह्यला.

म्हणलं, "मास्तर, तरंगवायचं का बुडवायचं, एक काय ते ठरवा."

"काका, खाली जायलाच आलोय आपण. आधी ही नळी तोंडात धरा."

"विहिरीत कोण नळी धरतं?" म्हणलं, अन् मारला मुटका.

डबा काही तरंगला न्हाई. जात्यासारखा खाली गेलो. मास्तरनं मानगूट धरून वर काढलं.

बाळू म्हणला, "दाजी, काय पाह्यलं खाली?"

म्हणलं, "तळ बराबर हाये. गाळ काढायचं काम न्हाई."

एवढं एक उत्तर तेवढं बनवलेलं. तिथं मी मास्तरच्या गळ्यात पडून नुसता खोकत व्हतो. उत्तर सुचलं ते परतीची बस जालन्यात शिरल्यावर.