मँगनीजचा खड्डा

...आणि शेजारच्या वासंतीबाई वर मलाच विचारतात, "एका रेघेचं काय हो एवढं मनाला लावून घेता?" एका रेघेचं! तुम्हाला सांगते, एकतीस वर्षं डोंबिवलीत मराठी शिकवलं, माझ्या लाल शाईपुढे कोणी ब्र काढला नाही. आणि काढला तो कोणी, तर मँगनीजने!

अठ्ठ्याऐंशी साल. ठाण्याला विज्ञान प्रदर्शन. आमच्या अकरावीतली सगुणा, कळव्याच्या कोळीवाड्यातली, बुद्धीने तल्लख, पण ऱ्हस्व-दीर्घाशी जन्माचं वैर; तिने संक्रमण धातूंचा तक्ता केला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणला. 'द्रवणांका'चा हरवलेला अनुस्वार मी बसवला. तिथेच थांबावं की नाही? पण द्रवणांकांच्या आलेखाकडे दृष्टी गेली... स्कँडियमपासून रेघ कशी दिमाखात चढत क्रोमियमपर्यंत आलेली, आणि मँगनीजपाशी धपकन खाली, लोखंडापाशी पुन्हा वर, मग उतरत उतरत जस्तापर्यंत! मला वाटलं, मुलीचा हात घसरला.

"बाई, तो खड्डा तसाच असतो."

"खड्डे रस्त्यात असतात. रेघ नीट काढ."

बिचारीने खोडून सरळ काढली. लाल शाईपुढे ब्र कोण काढणार?

प्रदर्शनात परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाकातून विचारलं, "मँगनीजचां खड्डां कुठें गेलां?" सगुणाची मान खाली. राज्य प्रदर्शनासाठी एकच तक्ता निवडायचा होता, आणि त्यांची पेन्सिल तिच्या नावावर काट मारायला टेकलेली... काय करणार मी?

"खड्डा मी बुजवला. मुलीचं बरोबर होतं."

एवढ्या वर्षांत प्रथमच! परीक्षक सगुणाकडे वळले. खड्डा का पडतो, ते सांग म्हणाले. पोर शांतपणे म्हणाली, "सर, मँगनीजचे पाच इलेक्ट्रॉन पाच खोल्यांत एकेकटे, दार लावून बसलेले. शेजाऱ्यांकडे जाणं-येणं नाही. म्हणून बंध सैल, आणि धातू लवकर वितळतो."

हे रसायनशास्त्र की आमची सोसायटी? परीक्षक हसले. तक्ता निवडला गेला!

पुढे प्रमाणपत्र आलं, माझ्याही नावाचं, सोनेरी चौकटीत, आणि नावाखाली... 'मार्गदर्शीका'. 'शी' दीर्घ! मी तत्क्षणी लाल पेन उघडलं. शेजारी सगुणा उभी.

"बाई, तो खड्डा तसाच असतो."

टोपण लावलं. सात वर्षं झाली. रोज सकाळी चहाच्या वेळी तो दीर्घ 'शी' भिंतीवरून माझ्याकडे पाहतो, आणि मी आपला एक ऱ्हस्व उसासा सोडते.